ठमाबाईचा खोकला

घोडबंदर रोडला एका शेडमध्ये
रबाळ्याची दगडखाण बांधली आहे.
थर्माकोलचे दगड, वरून राखाडी रंग.
मी एक उचलून पाहिला,
दोन बोटांत आला.

मला रोजचे दीड हजार, वर जेवण.
कागदावर लिहिलंय : सल्लागार.
तीस वर्षं ठमाबाई मढवीच्या मागे बसून
पेटी वाजवली
तेव्हा कागदच नव्हता.

इरा, जी ठमाबाई होणार आहे, ती पोरगी चांगली.
दोन महिने खरा घण धरून
तळव्यांना घट्टे पाडून घेतलेत तिने.
विचारते, काका,
'डोंगूर फोरला न पदरान खरी'
यात बाई श्वास कुठे घ्यायच्या?
घ्यायचीच नाही, मी म्हणतो.
'पदरान'वर दम संपायचा,
'खरी' ती दम नसताना म्हणायची.
लोक त्यालाच आवाज म्हणत.

चिन्मयने पटकथेत
तिच्या दुःखाला कारणं दिली आहेत.
सीन चौदा, नवरा पिऊन येतो.
सीन एकोणीस, सुरुंग, भाऊ दगडाखाली.
सीन बावीस, जमिनीची नोटीस.
खोटं काहीच नाही त्यात.
फक्त ती त्या क्रमाने दुःखी नव्हती.

भावाला जाळून आलो त्या रात्री
दिवे गावची सुपारी घेतलेली होती.
गायली. पैसे मोजले.
एक दहाची नोट फाटकी निघाली
म्हणून संयोजकाला
झोपेतून उठवून बदलून घेतली.
आणि एकदा बेलापूरला,
काही म्हणजे काही झालेलं नसताना,
बर्फाचा गोळा खाता खाता गप्प झाली.
गोळा विरघळून कोपरापर्यंत ओघळला.
तासभर लाल ओठांनी खाडीकडे बघत बसली,
मी पेटीवर बसलेलो, शेवटची एसटी गेली.
हे कुठल्या सीनमध्ये घालणार?
चिन्मय म्हणाला, सुंदर आहे काका,
पण याच्यापुढे काय होतं?
काही नाही. चालत आलो.

कॅसेट एकच उरली आहे,
कळव्याच्या लाऊडस्पीकरवाल्याने भरलेली.
साउंडच्या पोराने ती साफ केली.
पंखा गेला, कुत्रं गेलं,
माझ्या भात्याची फुसफुस गेली
आणि तिसऱ्या कडव्याआधीचा तिचा खोकला गेला.
तो परत आण, मी म्हटलं.
पोरगा हसला. काका, तो नॉइज होता.

अरे, त्या खोकल्यावर मी सूर धरायचो.
त्याच्यावरून कळायचं
आज काळी चार की पांढरी चार.
अकरा वर्षांची खाण होती त्यात,
फुकट नव्हता तो.

मग इराच म्हणाली, करून दाखवा.
शेडमधले पंखे बंद केले,
कोणीतरी माईक पुढे केला.
मी ठमाबाईचा आणायला गेलो
आणि माझाच निघाला,
खोलवरून, थांबेना, डोळ्यांत पाणी आलं,
स्पॉटबॉय ग्लास घेऊन धावला.
मिळाला, मिळाला, पोरगा ओरडला.
आता पडद्यावर ती माझं खोकणार.
तिला कळलं असतं
तर माझ्या बिदागीतून कापले असते.

काल शेवटचा दिवस.
खोटं थिएटर, दोनशे माणसं भाड्याची,
इरा मंचावर, जांभळ्या लुगड्यात.
मलाही बसवलं, म्हातारा रसिक म्हणून.
असिस्टंट मुलगी ग्लिसरिन घेऊन
रांगेरांगेने फिरत होती.
काका, वर बघा.

मला ठमाबाई आठवली.
घणसोलीच्या मैदानात, गाणं मध्येच थांबवून,
पुढच्या रांगेतल्या एका हुंदक्याकडे बोट करून
म्हणाली होती,
रराचा आसंल त घरा जा,
इकरं तिकीट लागलाय.
मैदान हसलं होतं. मग तिने
तीच ओळ पुन्हा उचलली
आणि कोणाला हसता येईना.

मी मुलीला म्हटलं, मला नको.

पिक्चर लागला की बघा,
तिसरी रांग, डावीकडून पाचवा.
सगळे डोळे पुसतायत
आणि एक म्हातारा मांडीवर बोटं हलवतोय.
पट्टी चुकली होती पोरीची,
मी तिला वर घेत होतो.