खालच्या अंगानं

अंजनेरीला निळी फुलते ती अंजनी. ती वेगळी.
हा अंजन. नावापुरतं नातं.
पान हातात घ्या:
दोन दलं, देठाशीच काय ती भेट.
आपट्याचं निम्म्यापर्यंत तरी जुळलेलं असतं,
म्हणून दसऱ्याला याला कुणी सोनं म्हणत नाही.
"शेळीचा खूर दिसला ना,"
निंबा सोनवणे म्हणाला, "मग झालं."

निंबा आमच्या सातपूरच्या कंपनीत गेटवर.
गाव नांदगावकडं. मे महिन्यात सुट्टीवरून आला
तो तंबाखूच्या डबीत चपट्या शेंगा घेऊन,
कागदासारख्या, बी एका टोकाला.
सोबत आजाच्या वखराचा एक तुकडा.
बादलीत टाकला, तळाला गेला.
मी लेथवरचा माणूस. ड्रिल लावून पाहिलं:
बिट निळं पडलं.

पिशवीत लावू नका.
पहिल्या साली मी लावलं. वर चारच पानं,
आणि मूळ पिशवी फाडून
फरशीच्या फटीत शिरलेलं.
उचलली, तसं तुटलं.
पुढच्या साली कॅन्टीनमागच्या मुरमात
पहारीनं भोक पाडून थेट बी टोचलं.
खत नाही. नुसत्या बोरीच्या काट्या भोवती,
बकऱ्या येतात पलीकडून.

मग तीन वर्षं एक काडी.
जेवणाच्या सुट्टीत मी व्हर्नियर लावायचो.
पोरं विचारायची, "देवरेमामा, रीडिंग?"
काय सांगणार.
गवताच्या पाण्यात तिला वीतही जुळत नव्हती.

चौथ्या पावसाळ्यात मैदान साफ झालं,
काट्यांसकट काडीही.
तिथं गुलमोहर. साहेबांच्या हस्ते, फोटो काढून.
मी निंबाला फोन केला. तो तेव्हा गावीच, रिटायर.
"मामा," म्हणाला, "वर होतं काय तुमचं?
सगळं खालीच ठेवलंय त्यानं."
मी म्हटलं, हो का. फोन ठेवला.
खरं तर रागच आला होता.

गुलमोहर छान आहे. त्याच्याशी माझं वाकडं नाही,
सावलीत त्याच्या गाडी लावतो मी.
यंदा एप्रिलात, स्टँड काढायला वाकलो,
तर मागच्या चाकाशी
तांबूस, ओलसर, जोडीजोडीनं.
तीन फुटवे. एक तर करंगळीएवढा जाड.
व्हर्नियर खिशातच होता.
नाही काढला.

ऑक्टोबरअखेर माझीही नोकरी संपते.
गेटवरच्या नव्या पोराला रोज पान दाखवतो.
जयवंत नाव त्याचं. हुशार आहे,
पण अजून आपटाच म्हणतो.
दसऱ्याच्या आत
शिकला पाहिजे.