तेरावं पिंप

गुरुवारी मी तेल गोळा करतो.
शिकवत नाही, शिकतही नाही.
विद्यापीठाच्या पगारपत्रकात माझ्या नावापुढे
लिहिलंय: वाहनचालक, हंगामी.
सतरा वर्षं झाली या हंगामाला.

आयडाहोच्या या टेकड्यांवर गहू पिकतो, मसूर पिकतो,
जूनमध्ये कनोला फुलते
तेव्हा डोळे दुखावेत इतकं पिवळं.
मी उचलतो त्या तेलाला मात्र फूल आठवत नाही.
त्यात बटाटे तळून झालेत, मासे तळून झालेत,
कांद्याच्या चकत्या, कोंबडीचे पंख,
एकदा तर कुणाचं तरी घड्याळ निघालं.
वसतिगृहाची खानावळ, चर्चचं शुक्रवारचं जेवण,
हमरस्त्याच्या वळणावर लॉयडीनचं हॉटेल.
पिंपावर खडूनं आकडा घालायचा,
प्रयोगशाळेच्या मागच्या दाराशी उतरवायचं.
एवढंच.

आत नोएमी असते. नोएमी ओरोपेसा;
बाप तिचा मसुराच्या कोठारात पोती मोजायचा.
ती थेंबाथेंबानं विचारते तेलाला,
किती आंबलंस बाबा?
काचेतलं गुलाबी झालं आणि गुलाबीच राहिलं
की मान डोलावते, वहीत लिहिते.
मग मेथॅनॉल, मग कॉस्टिक, मग ढवळणं,
आणि मग रात्रभर काहीच नाही.
सकाळी भांड्यात दोन मजले:
वर मधासारखं इंधन,
तळाला काकवीसारखं ग्लिसरीन,
मधली रेघ पट्टी धरून आखल्यासारखी.
शाळेतली मुलं बघायला येतात, काचेला नाक लावतात.
एक पोरगी म्हणाली, आमच्या गाडीच्या मागे
चिप्सचा वास येतो का?
येतो, मी म्हणालो. कुत्री मागे लागतात.
हे मात्र मी शिकवलं.

त्या ऑक्टोबरात
मुलांना आणायला निघालेली बस पुलावर बंद पडली.
रात्री पारा चारावर होता.
चारावर आमचं इंधन गोठत नाही,
प्राध्यापिका थोरवाल्डसन पुन्हा पुन्हा म्हणत होत्या,
हातात मेण भरल्यासारखा पांढरा फिल्टर धरून.
गोठत नाही. गोठायला नको.

मी पुलाच्या कठड्याला टेकून उभा.
मला माहीत होतं.
लॉयडीननं सांगितलं होतं, या पिंपात तेल कमी,
तव्यावरची चरबीच जास्त आहे, गाईची.
नेऊ नकोस.
दुसरी खेप वाचत होती, गुडघा ठणकत होता.
वर चार बोटं कनोलाचं तेल ओतलं, दिसू नये म्हणून,
आणि खडूनं ठळक लिहिलं: तेरा.

तीन दिवस नोएमी बाटल्या बर्फात ठेवून बसली,
कुठल्या अंशाला कुठली गढुळते ते बघत.
गढूळ म्हणजे काय, तर आधी एक धूसर ढग,
बाटलीत, अगदी मधोमध,
बाहेर आभाळ स्वच्छ असताना.
चौथ्या दिवशी मागच्या दाराशी आली.
रागावली नव्हती. तेच जास्त लागलं.
तेराव्यात काय होतं, हार्लन?

सांगितलं सगळं. गुडघ्याचंही सांगितलं.
वाटलं, हंगाम संपला.
ती उकिडवी बसली, वही मांडीवर.
चरबी किती? अर्धं पिंप? की जास्त?
नीट आठव.
आणि मग: अजून मिळेल का तसलं?
मुद्दाम हवंय. दहा टक्के, वीस, तीस, वेगवेगळं.

हिवाळाभर मी लॉयडीनकडून चरबी आणली,
या वेळी बरणीवर खरं नाव लिहून.

आता दुसऱ्या मजल्यावर, जिन्याजवळ
त्यांचा एक तक्ता टांगलाय. सात रेघा.
सर्वांत वरची वाकडी, एकटी,
तिच्या टोकाला बारीक अक्षरांत: हार्लनचं पिंप.
कुणी विचारलं तर मी सांगत नाही
की हार्लन मीच.

तळाच्या ग्लिसरीनचा साबण करते नोएमी.
तपकिरी, ओबडधोबड, फेस जेमतेम.
एक वडी मला दिलीय.
हाताचा वास त्यानं जात नाही,
पण रोज तोच वापरतो.