कुठल्या हजाराने

दीड तासाच्या गाडीरस्त्यावर
साडेअकरा लाख माणसं राहतात.
त्यातली दोन टक्के तरी
दगडी पाट्यांची बंद खाण बघायला वाट वाकडी करतील,
असं मी लिहिलं.
पावसाचे दिवस वजा करायचे असतात.
उत्तर वेल्समध्ये ते वजा केले तर हाती काही राहत नाही,
म्हणून जमेत धरले:
समुद्रावर जाणं हुकलेली कुटुंबं, ओली मुलं, गरम सूप.

नव्याची नवलाई नऊ दिवस;
माझ्या तक्त्यात चोवीस महिने.
मग आकडा उतरतो. तो उतरतोच.

"किती येतील?" इड्वालने विचारलं.
एक्याऐंशी वर्षांचा. पाट्या फोडून दाखवायचं काम
त्याला मिळणार आहे, शनिवार-रविवार.
"पहिल्या वर्षी तेवीस हजार."
"कुठल्या हजाराने?"

त्याच्या बापाच्या वेळी
पाट्या तीन-तीन करून मोजत.
बाराशे झाल्या की हजार म्हणायचं,
वर आणखी साठ, वाटेत फुटतील म्हणून.
पैसे हजाराचे.

माझ्या तक्त्यात फुटीला रकाना नव्हता.

चाचणीच्या दिवशी, फुकट प्रवेश,
मी फाटकात टिकटिक यंत्र घेऊन उभा.
दोनशे अकरा.
"त्यातले चार संडासाला जाऊन परत आलेले,"
इड्वाल छिन्नीवरची नजर न काढता म्हणाला.

आणि मेरेरिद.
ती दर गुरुवारी येते, खाण उघडी असो नसो,
कुंपणाच्या फटीतून,
तिसऱ्या पायरीवरच्या भिंतीशी थर्मास उघडून बसते.
तिथे काय झालं होतं ते मला कोणी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही, प्रश्नावलीत तो प्रश्न नव्हता.
वर्षाला बावन्न भेटी, खर्च शून्य.
एकटी बाई सगळी सरासरी बिघडवते.
मी तिला गाळलं.
रात्री हॉटेलात पुन्हा घातलं.
सकाळी पुन्हा गाळलं.

विश्वस्तांना एकच आकडा हवा असतो,
खाली-वर नको, मधलाही नको,
बँकेला दाखवता येईल असा.
तो दिला.
शेवटच्या पानावर, वाहनतळाच्या परिच्छेदात,
हिशेबाने आलेल्या जागांवर
साठ वाढवल्या.
का, ते कोणी विचारलं नाही.
मेरेरिद तर चालत येते.