साडेतीननंतर

साडेतीनला माझा बाजार मिटतो.
खालचा, म्हापशाचा, तेव्हा डुलकी झटकून पुन्हा उठतो:
मयड्याची केळी, माडाचा गूळ, सुक्या बांगड्यांची चळत,
चोरिसांच्या माळा,
ज्यांचा भाव कुठल्याही पडद्यावर हिरवा-तांबडा होत नाही.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, दंतवैद्याच्या शेजारी.
दोघांकडेही माणसं दुखायला लागल्यावरच येतात.
भिंतीवर चौकटीत परवाना,
आणि ते वाक्य, जे मी झोपेतही बरळतो:
गुंतवणूक बाजारातील जोखमीच्या अधीन आहे.
बायको म्हणते, हे बोहल्यावरच सांगायचं होतंस.

डिचोलीहून उल्हास मळीक आला तेव्हा
त्याच्या चार ट्रकांच्या चाकांखाली गवत माजलं होतं.
खाणी जोरात होत्या तेव्हा मी म्हटलं होतं,
एक ट्रक वीक, पैसे दुसरीकडे ठेव.
तो हसला होता. ‘दोंगर खंय पळटा, भाऊ?’
डोंगर नाही पळाला.
डोंगराची परवानगी पळाली.
माझं म्हणणं खरं ठरलं त्या दिवशी
फी मागवेना.
चहा मात्र मागवला, दोन वेळा.

आणि फर्मिना मिनेझिस, नास्नोळ्याची, नवरा बोटीवर.
शेताकडेची जागा, मीटरला सहाशे, घेऊ का म्हणाली.
मी तक्ता काढून दाखवला,
जमीन म्हणजे अडकलेला पैसा, फर्मिनाबाय,
अडीअडचणीला तिचा तुकडा मोडून विकता येत नाही.
तक्ता फार सुंदर होता.
त्या जागेत आता कुणा दिल्लीकराचा निळा तलाव आहे,
रविवारी मिसाला जाताना ती त्याच्या कुंपणाला वळसा घालते.
दर नाताळात मला दोदोल आणते.
मी तो फार सावकाश खातो.

मग तो मार्च.
आकडे जिन्यावरून गडगडत आल्यासारखे, फोन थांबेनात.
सगळ्यांना एकच सांगितलं: बसून राहा. विकू नका.
आवाज परवान्याखालच्या वाक्याइतका सपाट.
आणि दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी
माझे स्वतःचे होते नव्हते त्यातले अर्धे
मीच विकून टाकले.
त्यांचे पैसे पुढे दुप्पट झाले.
माझे बँकेत बसलेत, सहा टक्क्यांत, मान खाली घालून.

त्या संध्याकाळी पोंबुर्प्याच्या बांधावर जाऊन उभा राहिलो.
खाजणाच्या दाराला इथे मानस म्हणतात.
भरती आली की फळी आपोआप मिटते,
ओहोटीला आपोआप उघडते. शिकवावं लागत नाही.
राखणदार इनासियो विडी ओढत बसला होता.
मग तुझं काम काय, मी विचारलं.
‘रात्री येऊन बघायचं, मिटली का ती.’
आपोआप मिटते ना?
‘एकदा ओंडका अडकला होता.’
एवढंच बोलून तो खेकड्यांची जाळी तपासायला गेला.

आज उल्हासची मुलगी समोर बसली आहे, वेदिका.
कुंडईच्या औषध कारखान्यातला पहिला पगार,
त्यातले तीन हजार, कोऱ्या पाकिटात,
खात्यातून वळते करता येतात हे ठाऊक असूनही रोख.
तीन फंड सांगितले, दोन धोके सांगितले.
ती ऐकते, मग वहीतून मान वर करते:
‘सर, तुम्ही स्वतः कशात घातलेत?’

खाली कुणीतरी शेवटचा घड
अर्ध्या भावात ओरडून विकतंय.
दंतवैद्याचं यंत्र घरघरतं, थांबतं.
मी तक्ता उलटा ठेवतो
आणि दोन वाजून दहा मिनिटांपासून सांगायला लागतो.

ती वेळ लिहून घेते.