साभार परत

तिचं पहिलं उत्तर छापील होतं.
चार ओळी, खाली सही नाही.
आमची बोट तेव्हा डुलुथच्या धक्क्याला लागलेली,
वरून लोहखनिज कोसळत होतं
आणि खाली भटारखान्यात मी
तेवीस माणसांचे कांदे चिरत होतो.
साभार परत.
चला, म्हटलं, डोळ्यांत पाणी यायला कांदा आहेच.

दुसऱ्या वर्षी पेन्सिलीनं एक शब्द: जवळपास.
कशाच्या, ते नाही.
तो कागद मी पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला
आणि सबंध हंगाम, झाकण उघडताना,
कशाच्या तरी जवळपास राहिलो.

मॅरेन ऑस्टबी.
दोन कवितासंग्रह, एक कादंबरी,
आणि सहाशे प्रतींचं त्रैमासिक, लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत,
जिथं खालची यंत्रं फिरायला लागली
की मुद्रितं टेबलावरून आपोआप सरकत जातात.
(हे तिसऱ्या नकारातून कळलं. 'क्षमस्व'च्या खाली
तिनं लिहिलं होतं: अक्षर हललंय, लॉन्ड्री चालू आहे.)

कादंबरी मला टोलेडोत मिळाली,
रद्दीच्या पेटीत, पाऊण डॉलरला.
बर्फ फोडणाऱ्या बोटीवरच्या एका बाईची गोष्ट.
तिसऱ्या प्रकरणात ती बाई तापलेल्या भट्टीवरचं झाकण
ओल्या फडक्यानं उचलते.
असं कोणी करत नाही. वाफेनं हात भाजतो.
मी तसं कळवलं, कवितेसोबत.
कविता परत आली. खाली: 'फडक्याचं खरं आहे.
चार परीक्षणं आली होती.
चौघांनीही कधी स्वयंपाक केलेला दिसत नाही.'

मग नकार वाढत गेले, लांबीनं.
सहाव्यात एक उपमा खोडली:
सरोवराला समुद्र म्हणू नका, त्याला राग येतो.
आठव्यात: अनुदान थांबलं, तिकिटं आता माझ्या पैशांची,
तेव्हा दोन कविता पाठवून दोन नकार मागू नका.
नववा पहाटे कधीतरी लिहिलेला असावा.
'दिवसाला चाळीस जणांच्या कविता वाचते.
माझी स्वतःची ओळ सुचली की आधी शंका येते,
ही कुणाची? कुणाला परत करायची राहिली?'

त्या दिवशी मी रस्सा करपवला.
कप्तान काही बोलला नाही. करपलेला खाल्ला.

दहाव्या पाकिटात माझी कविता नव्हती.
तिची होती. हातानं लिहिलेली, बावीस ओळी,
गोठलेल्या तळ्यावरच्या वडिलांच्या झोपडीबद्दल,
आणि वर: 'बारा वर्षांत ही एकच. तुम्ही सांगा.'

मी कोण सांगणारा?
तीन खेपा झाल्या, डुलुथ ते गॅरी, गॅरी ते डुलुथ,
कविता मिठाच्या बरणीखाली.
शेवटच्या चार ओळी नको होत्या.
बर्फ वितळून झोपडी खाली गेली, तिथंच संपलं होतं;
पुढं ती नुसतं समजावून सांगत होती,
जसं आपण दुखलं नाही म्हणून सांगतो, दोनदा.
पेन्सिलीला सुरीनं टोक केलं.
लिहिलं: जवळपास.
आणि परत पाठवली. साभार.

उत्तर आलं नाही.

जानेवारीत बोटी बांधून पडल्या. उणे बावीस.
मी डुलुथला उतरलो.
लॉन्ड्रीच्या वर खिडकीत दिवा होता,
आणि एक पाठमोरी सावली, पान उलटणारी.
जिना बाहेरून. चौदा पायऱ्या. खालूनच मोजल्या.

मग आत गेलो. पिशवीतले तीन सदरे, दोन एप्रन
यंत्रात कोंबले, नाणी सारली
आणि बाकावर बसलो.

यंत्र फिरू लागलं.
वर कुणाचं तरी अक्षर आता हलत असणार.