साय

तेलाचं झाकण फिरवलं
तर खालून साय निघाली.
पिवळसर, फेसाळ, बोटाला चिकटणारी.
येमूलमास्तर खांद्यावरून वाकून बघत होते.
"दस्तगीर, हे काय बरं नाही की."
बरं नाहीच, मास्तर.
पाणी तेलात गेलंय.

अकराशेची फियाट, सन चौसष्ट.
गिरणी बंद पडली तेव्हा थकलेला पगार बुडाला,
मॅनेजरची ही गाडी तेवढी
भंगाराच्या भावात मास्तरांच्या वाट्याला आली.

रेडिएटर थंड झाल्यावरच उघडायचा.
का, असं पोरगं विचारतं,
तेव्हा मी मनगटावरचा चट्टा दाखवतो.
वर तपकिरी तवंग.
म्हणजे तेलही पाण्यात.

मे महिना, होटगी रोडचं डांबर चपलेला चिकटत होतं,
आणि मी म्हणालो, गॅस्केट.
डोळे झाकून म्हणालो.
हेड उतरवलं, जुनी गॅस्केट उजेडात धरली,
जळाल्याचा डाग कुठेच नाही.
पट्टी ठेवली, खाली फिलर शिरेना.
हेड सरळ, गॅस्केट धड,
आणि तरी मी नवीच बसवली,
बोल्ट मधून बाहेर, तीन फेऱ्यांत आवळले,
एखाद्या शहाण्यासारखे.

नवव्या दिवशी मास्तर रिक्षानं आले.
गाडी सात रस्त्यावर उभी होती.

रागावले नाहीत. विचारलं,
"चालू असताना काय होतं? बंद केल्यावर काय?"
चालताना तेलाचा जोर जास्त, ते पाण्यात घुसतं.
बंद केली की तेल निपचित पडतं,
पाणी मात्र तापलेलं, कोंडलेलं,
ते तेलाकडे सरकतं.
"मग वाट एकच आहे बे," मास्तर म्हणाले,
"नुसती पाळी बदलते."

खिशातून पुडी काढली.
चाळीस वर्षं रंगखात्यात उभा राहिलेला माणूस,
नखांच्या कडेला अजून निळं.
"पाण्यातला रंग इथं कामाचा नाही.
हा रॉकेलात विरघळतो."

हेड सोड्यानं धुतलं, उन्हात वाळवलं,
वर लाल रॉकेल पसरलं.
मी फडकं उचललं तर मास्तरांनी हात धरला.
"थांब. सुतालासुद्धा वेळ लागतो."
दोन चहा झाले.
मग कोरडं पुसलं,
पोरानं शाळेतून आणलेला खडू कुटला,
पूड फडक्यातून झाडली.
सगळं पांढरं.
सगळं पांढरंच.
मग रॉकरला तेल नेणाऱ्या भोकाच्या कडेला
एक ठिपका लाल झाला,
त्याला शेपूट फुटली,
आणि केसाएवढी रेघ
हळूहळू पाण्याच्या खणापर्यंत चालत गेली.

तिच्यावरून माझा हात तीनदा फिरला होता.

एमआयडीसीत सिद्रामप्पा हिरोळीकडं हेड नेलं.
त्यानं रेघेच्या टोकांना भोकं पाडली,
पुढं पळायला नको म्हणून,
रेघ कोरून काढली, आर्गननं भरली,
फेसिंगला पाठवलं.
इकडे मी इंजिन दोनदा डिझेलनं खंगाळलं.
रेडिएटरला सात पाणी लागले,
सातवं गटारात गेलं ते पाण्यासारखं दिसलं.

बिलात पहिल्या गॅस्केटची मजुरी लिहिली नाही.
मास्तरांनी बिल दोनदा वाचलं,
घडी करून खिशात ठेवलं,
काही बोलले नाहीत.

आता दर शुक्रवारी गाडी येते.
काही झालेलं नसतं.
मास्तर आत बसून राहतात,
मी झाकण फिरवतो, उन्हाकडं धरतो.
काळं. नुसतं काळं तेल.

परवा पैसे देताना त्यांनी माझं बोट धरून बघितलं.
ग्रीस रोज रेतीसाबणानं जातं,
नखाच्या कडेचा लाल गेलेला नाही.
त्यांनी अंगठ्यानं घासून पाहिलं,
गिरणीत कापड घासून बघायचे तसं.
"पक्का बसलाय," म्हणाले,
आणि स्टार्टर मारला.