पुरो

गोळी बुधवारी. आठवड्यातून एकदाच.
पिवळी, तुरीच्या डाळीएवढी,
आणि गुरुवारी मासळीचा वासही नको होतो
मला, चोडणच्या बाईला.

पहाटे बोटं उघडत नाहीत.
कोमट पाण्याच्या टोपात ती बुडवून बसते.
खाटेवर शाळेचे तेवीस शर्ट,
बिनकाजांचे.

बांबोळीला डॉक्टर कुंकळ्येंकरांनी
केसपेपरच्या पाठीवर गोल काढले.
हे शिपाई. तुमचेच.
ह्यांना तुमचा सांधा परका वाटतो.
मग कोपऱ्यात, जागा उरली तिथं, एक बारीक गोल:
हे शिपायांना आवरणारे.
शंभरात पाच-सात.
छातीच्या हाडामागं त्यांची शाळा,
वय वाढतं तशी ती ओस पडत जाते.

माझ्यात कमी आहेत?
असतील. किंवा असूनही त्यांचं कुणी ऐकत नसेल.

पुढं म्हणाले, प्रयोग चाललेत.
रक्तातून ते वेचायचे, बाहेर वाढवायचे,
परत सोडायचे अंगात.
कधी?
त्यांनी पेनाला टोपण लावलं.
तोवर गोळी चुकवू नका.
गोळी मात्र सगळ्यांनाच गप्प करते,
दंगेखोराला आणि राखणदारालाही.

रायबंदरच्या धक्क्यावर संध्याकाळची गर्दी.
स्कूटर, बर्फाचा टेंपो,
पक्षी बघायला निघालेली पुण्याची जीप.
इनास फळीवर उभा. शिटी नाही, काठी नाही.
तळहात वर केला: पुरो.
जीपवाल्यानं आई-बाप काढले.
इनासचा हात तसाच.
आज फेरीबोट बुडाली नाही,
असं कुठल्या पेपरात छापून येतं?

नदीच्या मध्यावर मी विचारलं,
किती झाले ते कळतं कसं रे तुला?
त्यानं काठाकडं हनुवटी उडवली.
“उदक सांगता.”

मी मनगटाकडं पाहिलं.
तिथं भरती होती, लाल, गरम,
आणि धक्क्यावर कुणीच नव्हतं.
की होता एखादा,
हात वर करून केव्हाचा उभा,
हॉर्नच्या गदारोळात?

रात्री टोपातलं पाणी बदललं.
सुई तिसऱ्यांदा ओवली तेव्हा ओवली गेली.
एक काज झालं. जरा वाकडं.
चालेल.
पोरं तसंही वरचं बटण
उघडंच टाकतात.